केबिनमधली मराठी

केबिनमध्ये आम्ही पाच बायका गेलो. साहेबांनी खुर्ची मला एकटीलाच दिली.

"बसा ना, ताई. आपल्या माणसाशी बोलायचं म्हटलं की बरं वाटतं." साहेब मराठीत बोलले. मग हसत हसतच, त्याच सुरात म्हणाले, "ह्या बायांना बाहेर उभं राहू दे. वास येतो हो यांच्या अंगाला."

माझ्यामागे रेशमबाई उभी होती. धारजवळच्या अमझेऱ्याकडची. तिला मराठी येत नाही. साहेब हसले म्हणून तीही जरा हसली.

मी युनियनची; तिच्याचसाठी बोलणी करायला आले होते. इंदूरजवळच्या पीथमपूरच्या या औषधांच्या कारखान्यात पॅकिंगच्या एका लाइनीला एकच बिल्ला असतो. तो गळ्यात घालूनच संडासला जायचं. एक बाई परत येईपर्यंत बाकीच्यांनी दाबून धरायचं. त्या दिवशी रेशमबाईची पाळी होती, अंगावरून फार जात होतं. बिल्ला दुसरीच्या गळ्यात. ती तशीच उठली. सुपरवायझरनं तिला दारात अडवलं आणि सगळ्या लाइनीसमोर पुरावा मागितला. हिनं त्याचा हात झटकला. दुसऱ्या दिवशी तिला गेटातून आत घेतलं नाही.

साहेब म्हणाले, बिल्ले वाढवून देतो, रेशमबाईचं सोडा. ती हात उचलणारी बाई. "बाहेर काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. यांना कुठं कळतंय?"

मी म्हणाले, "बघते."

मराठीत म्हणाले. घरी गॅस सिलेंडरवाल्याला म्हणावं तसं. सकाळपासून तीन गेटांवर उभी राहून आले होते, पाय दुखत होते, आणि समोरचा आपल्या भाषेत बोलला की तोंड आपोआप तिकडं वळतं. देवासच्या मराठी घरात वाढलेल्या बाईला ही खोडच असते. बाहेर जगाशी हिंदी, उंबऱ्याच्या आत मराठी. साहेबांनी मला उंबऱ्याच्या आत घेतलं, आणि मी गेले.

साहेब देवास संस्थानाच्या थोरल्या पातीच्या जुन्या कारभारी घराण्यातले. माझे वडील नाशिककडून देवासला आलेले फिटर. अशाच घरांतून रविवारी त्यांना बोलावणं यायचं. पंप बिघडलाय, मिक्सर अडकलाय, तुम्ही आपलेच. वडील हत्यारं घेऊन निघायचे, मी बरोबर. काम झालं की मागच्या पायरीवर खिचडीची बशी मिळायची. आतल्या बैठकीत आम्ही कधी गेलो नाही. आपला माणूस म्हणजे ज्याला आत न घेता राबवता येतं, एवढं मला दहाव्या वर्षी कळलं होतं. पन्नाशीत पुन्हा शिकावं लागलं.

बाहेर सायकल स्टँडजवळ आलो. चौघी माझ्याकडे बघत होत्या. नेहमीसारख्या नाही.

रेशमबाई म्हणाली, "दीदी, ये साब तमारा भई लागे कई?"

साहेब भाऊ लागतो का, असा टोमणा होता. मला लागला. लागायलाच हवा होता.

"सच बोलजो," ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. बिल्ले, तिला सोडून द्यायचं, बाहेर काय सांगायचं ते मी ठरवायचं, हेही. वासाचं सांगायला जीभ जड झाली, तरी सांगितलं. मी "बघते" म्हणाले, तेही.

चौघींतली एक म्हातारी म्हणाली, "बदबू तो इनकी दवा की है. हम तो घर से नहाके आते हैं." दोघी हसल्या. रेशमबाई हसली नाही. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि पुन्हा केबिनकडे चालायला लागली. आम्ही तिच्या मागे.

या वेळी मी बसले नाही. साहेबांचे दोन अधिकारी, शिपाई, सगळे होते. साहेब मघाशी जे बोलले ते मी हिंदीत, शब्दाला शब्द लावून म्हटलं. अधिकारी टेबलाकडे बघायला लागले.

"ताई, हे तुम्हाला शोभत नाही," साहेब मराठीत म्हणाले.

"हिंदी में बोलिए, साहब. जिसकी नौकरी गई है, वो सामने खड़ी है."

बोलणी तिथंच मोडली.

पुढं काही चांगलं झालं, असं नाही. बिल्ला अजून एकच आहे. वाढीव बिल्ले तरी घ्यायचे होते, असं म्हणणाऱ्या बायका आहेत, आणि त्यांचं चुकतं असं मला म्हणवत नाही. दाबून त्या धरतात, मी नाही. धारला जाणाऱ्या बसमध्ये डोळा लागतो, उतरताना गुडघा धरतो. देवासच्या मंडळात गणपतीला मला आता कोणी बोलावत नाही. तेवढाच माझा एक दिवस मोकळा झाला.

रेशमबाईची तारीख लागली आहे, धारच्या कामगार कार्यालयात. परवा ती मला म्हणाली, दीदी, तुम बोल देना. मी नाही म्हटलं. चिडली. मग माझ्यासमोर बसून बोलून बघितलं. अडखळली, रडली, पुन्हा सुरू केलं. सुपरवायझरनं काय मागितलं ते सांगताना तिचा आवाज चढला. तसाच चढू दे म्हटलं.

तारखेला तीच बोलेल, तिच्या बोलीत. मी मागं उभी राहीन. साहेबांना नाही समजलं, तर त्यांनी दुभाष्या आणावा. तो मी असणार नाही.