आकडा परत म्हणणारं माणूस

रेल्वेत होतो तोवर रुळांची मापं दोघांनी घ्यायची, असा शिरस्ता होता. एकानं वाकून दोन रुळांमध्ये अंतर मापायचं गेज टेकवायचं आणि ठरल्या अंतराहून किती मिलिमीटर कमी-जास्त, तो आकडा मोठ्यानं सांगायचा. दुसऱ्यानं तोच आकडा परत म्हणायचा, मगच वहीत मांडायचा. "प्लस दोन." "प्लस दोन." परत म्हटला नाही, तर माप घेतलंच नाही असं धरायचं. कणकवलीच्या अल्याड-पल्याड मी सगळी नोकरी अशी वाकून काढली. स्वभावानं मी खडूस, त्यामुळे माझ्या जोडीला यायला कुणी राजी नसे.

घरी बायको होती. खिडकीची जाळी, खुराड्याची तार, फळीची जाडी, काहीही मापायचं असलं की मी सांगायचो आणि ती परत म्हणायची. "नऊ. लिवलंय. आता खाली उतर, म्हातारो झालस." कागद तिच्या हातात असेपर्यंत आमचं एकही माप चुकलं नाही.

तिला जाऊन वर्ष होत आलं. वर्षाच्या मिस्सेच्या प्रार्थनेआधी चर्चमागच्या दफनभूमीत तिच्या कबरीवर दगड बसवायचा होता. एक पावसाळा जाऊन माती खाली बसली, की मगच दगड बसवतात. मी एकटाच टेप घेऊन गेलो. एक टोक डोक्याकडच्या चिऱ्याखाली दाबलं, दुसरं पायथ्याशी नेलं. "सहा फूट आठ," मी मोठ्यानं म्हणालो आणि वेड्यासारखा थांबलो. किती वेळ थांबलो कुणास ठाऊक. मग भानावर आलो, खिशातून कागद काढला, रुंदी घेतली, जाडी ठरवली, सगळं लिहिलं, कागद गवंड्याकडे दिला आणि घरी आलो. त्या दिवशी जेवलो नाही.

दगड आला तो आठ इंच आखूड. पायाकडची माती उघडीच. मी गवंड्यावर तुटून पडलो. तो बिचारा कणकवलीचा सरळमार्गी मुसलमान. त्यानं माझाच कागद माझ्यापुढे धरला. अक्षर माझं, आकडा 'सहा फूट'. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दुसरो करून देतंय, काकानू," तो म्हणाला. "आता माप मी घेतंय, तुमी लिवा." तो वाकला. "सहा फूट आठ."

"हं," मी म्हणालो.

"हं नको, काकानू. आकडो परत सांगा, नायतर परत चुकतला."

मी पेन धरून उभा राहिलो. ती जायच्या आधीच्या उन्हाळ्यात एका सकाळी खोबरं किसता किसता म्हणाली होती, "जेवल्यार पोटात दुखता रे. दोन म्हयने झाले." मी पेपर वाचत होतो. "हं," म्हणालो होतो. कामावर कुणी मला नुसतं 'हं' म्हटलं असतं, तर मी त्याला तिथेच फैलावर घेतला असता. घरी मात्र जन्मभर आकडे मी सांगितले. तिचा एकही परत म्हटला नाही. 'दोन महिने?' एवढं जरी तोंडातून निघालं असतं, तरी ते माझ्याच कानांवर पडलं असतं आणि त्याच दिवशी तिला डॉक्टरकडे नेली असती.

गवंडी टेप धरून वाकलेलाच होता. त्याला वाटलं, मला ऐकू आलं नाही. त्यानं आकडा आणखी मोठ्यानं सांगितला.