अर्जाच्या तळाचे नाव

माझे शिक्षण आठवीपर्यंतच झाले. तथापि अर्जलेखनाची विद्या मी तहसील कचेरीबाहेर काकांच्या मेजाशी बसून रीतसर संपादन केली. त्या मेजाचा दंडक होता की अर्जाच्या तळाशी ‘लिहिणार’ म्हणून लेखकाचे नाव असलेच पाहिजे. मेव्हण्याच्या उपाहारगृहात कामाला म्हणून जपानात, ग्योतोकुला आलो, तेव्हा तो दंडक सोबत आणला. येथील भारतीय कुटुंबांचे कैक अर्ज मी मराठीत रचले, माझ्या मुलीने ते जपानीत उतरवले, आणि प्रत्येकाखाली माझे नाव राहिले.

ही कीर्ती ऐकूनच ते माझ्याकडे आले. येथील कृष्णवर्णीयांचे ते पुढारी, वय सत्तरीपार. अमेरिकन सैनिक म्हणून जपानात आले, अधिकाऱ्याची आज्ञा मोडून तुरुंगात गेले, आणि सुटल्यावर इथलेच झाले. स्टेशनसमोर उभे राहून अनेक वर्षे ते एकच गोष्ट सांगत: काळ्या माणसाने आपली शाळा, आपले दुकान, आपली सभा स्वतः उभारावी, दुसऱ्याच्या दयेवर जगू नये. त्यांच्या मुलांच्या शनिवारच्या शाळेला घरमालकाने जागा नाकारली होती. नगरपालिकेच्या सभागृहातली एक खोली त्यांना हवी होती.

तीन महिने दर रविवारी ते आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आपले आयुष्य सांगत. ते जपानीत बोलत, मी मराठीत टिपून घेई.

“सेन्सेई,” मुलीने जपानीत वाचलेला मसुदा ऐकून ते म्हणाले, “तुमच्या एका वाक्यात आमची अख्खी शाळा मावेल. मग खोली कशाला मागायची?”

मी हसलो. एवढ्या मोठ्या माणसाने मला गुरुजी म्हणावे, याचा मला अभिमान होता.

अर्ज देण्याच्या दिवशी मी टाय बांधून मुलीसह नगरपालिकेच्या दाराशी गेलो. ते आपल्या सहा माणसांसह उभे होते. कागद त्यांनी नव्याने छापून आणला होता. मजकूर तोच; तळाशी माझे नाव नव्हते.

“तुम्ही इथेच थांबा,” ते म्हणाले. “आत आम्हीच जाऊ.”

“पण लिहिलं मी.”

“आमच्यासाठी गोऱ्यांनी लिहिलं, जपान्यांनी लिहिलं, आता तुम्ही. आमची मुलं खाली कुणाचं नाव वाचणार?”

“मी काही गोरा नाही.”

“नाही. पण आमच्यातलेही नाही.”

मी मुलीकडे पाहिले. ती जपानीतच म्हणाली, “बाबा, मागणी त्यांची आहे. आणि जपानी तर सगळं मीच लिहिलं. माझं नाव तुम्ही कधी घातलंत?”

घरातले माणूसही त्यांच्याच बाजूला जाऊन उभे राहिले, एवढे मला कळले.

खोली मिळाली. उद्घाटनाला मला पाहुण्यांच्या रांगेत खुर्ची होती. त्यांनी आपले आयुष्य सांगितले. माझ्या मसुद्यातल्याच क्रमाने सांगितले. शेवटी म्हणाले, “आणि हा अर्ज आम्ही आमच्या हातांनी लिहिला.” सभेने टाळ्या वाजवल्या. माझ्या मुलीनेही वाजवल्या.

उद्या कोणी त्यांचे चरित्र लिहिलेच, तर ते एक वाक्य तपासून घ्यावे, यासाठी हे नोंदवून ठेवले आहे. जपानीत उतरवण्यास मुलीने नकार दिला. म्हणून हे मराठीतच राहील.