भिंतीतल्या साळुंक्या

आमच्या गोठ्याच्या भिंतीत, गव्हाणीच्या वर, एक आरपार भोक होतं. भिंत बांधताना घातलेला बांबू काढल्यावर गवंड्यानं ते बुजवलं नव्हतं. लग्न होऊन मी ह्या घरात आले तेव्हापासून त्यात साळुंक्या राहायच्या, आणि तेव्हापासून मी मालकांना सांगत होते, ते बुजवा. होळी झाली की जोडी हजर. काड्या, चिंध्या, प्लॅस्टिकचे तुकडे, एकदा तर सापाची कात. सगळं आत कोंबायचं आणि त्यातलं निम्मं खाली दुधाच्या किटलीत पाडायचं. शिवाय आवाज. एकीच्या गळ्यात दहा आवाज, घोगरा, करकरणारा, शिट्टीचा, आणि सगळे पहाटे पाचला.

मालकांचं उत्तर ठरलेलं. "पिलं उडू देत, मग बुजवतो."

पहिली पिलं उडेपर्यंत दुसरी अंडी आत.

मग, "पाडव्याला गोठा रंगवू तेव्हा बुजवतो की."

दिवाळीत गोठ्याला चुना लागायचा, भोकही तेव्हा रिकामं असायचं. पण पाडव्याला म्हशी सजवून मिरवायच्या असतात. शिंगं घासा, रंगवा, गळ्यात गोंडे बांधा. त्या गडबडीत सिमेंट कालवायला सवड कुणाला? असं सव्वीस वर्षं चाललं.

त्यांना साळुंक्यांचं कौतुकच होतं. साळुंकी चिमणीसारखी टुणटुण उड्या मारत नाही, छाती काढून, मान हलवत चालते. "बघ, तालमीतला वस्ताद निघालाय," म्हणायचे. पंचगंगेकडं म्हशी चरायला सोडल्या की ह्या त्यांच्या पायांबरोबर चालत, गवतातून उडणारे टोळ टिपत. मध्येच पाठीवर बसून गोचीड काढायच्या. "फुकटचा डॉक्टर हाय, त्याला हाकलू व्हय?"

एका उन्हाळ्यात मांजरानं जोडीतली एक नेली. उरलेली तीन दिवस पत्र्यावर बसून ओरडत होती. आठव्या दिवशी तिच्याशेजारी दुसरी. नर-मादी दिसायला सारखेच, तेच पिवळे पाय, डोळ्यांपाशी तोच पिवळा पट्टा, त्यामुळे गेलं कोण हे कळायला मार्ग नव्हता.

"बाई गेली असणार," मी म्हटलं. "गड्याला आठ दिवस दम निघाला नाही."

"उगंच! गडी गेलाय. बाईनं नवा आणला."

"तुम्ही किती दिवसांत आणाल?"

"मला कोण देतंय? अंगाला शेणाचा वास येतोय."

आठवडाभर आम्ही त्यावरून भांडलो.

मालक गेले त्याला आता तीन वर्षं होतील. म्हशी मला एकटीला झेपेनात, त्या हुपरीकडं एका घरी दिल्या. पुढं मुलगी पहिल्या बाळंतपणाला यायची होती, म्हणून दिवाळीनंतर गोठ्याची खोली करायला काढली. फरशी, खिडकी, गिलावा.

गवंड्यानं विचारलं, "काकी, ह्ये भोक बुजवायचं न्हवं?"

भोक रिकामंच होतं. तान्हं मूल तिथं झोपणार, वरून किडे पडणार. "बुजव," म्हटलं. पाच मिनिटांचं काम.

होळी झाली आणि जोडी आली. मी नातीला मांडीवर घेऊन खिडकीशी बसले होते. दोघी बाहेर भिंतीपुढं पंख फडफडवत होत्या, पांढरे ठिपके उघडे पडत होते. गिलाव्यावर चोच मारून बघितली. "अहो, आल्या बघा," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. मुलीनं आतून विचारलं, "काय गं आई?"

तिसऱ्या दिवशी त्या शेजाऱ्यांच्या एसीच्या पाइपासाठी पाडलेल्या भोकात राहायला गेल्या.

मालकांचे कपडे मी महिन्याभरात वाटून टाकले होते. त्याचं काही वाटलं नव्हतं. ह्याचं वाटलं. गवंड्याला बोलावलं आणि सांगितलं, भिंत जाड आहे, बाहेरून वीतभर कोर, आतला गिलावा तसाच राहू दे.

"काकी, चार महिन्यांमागं तुमीच बुजवाय लावलासा की!"

"लावलं. आता उघड."

"त्यांनी घर बदललं. आता कशाला येत्यात?"

"तू छिन्नी मार."

त्यानं कोरून दिलं. त्या वर्षी कुणी आलं नाही. मुलगी बाळाला घेऊन सासरी गेली, खोली रिकामी पडली.

ह्या वर्षीची होळी गेल्या आठवड्यात झाली. शेजाऱ्यांच्या गच्चीवर रोज जोडी दिसते. काल त्यातली एक आमच्या भिंतीवर आली, भोकात डोकं घालून बराच वेळ बघत राहिली आणि उडून गेली. मी खाली धुणं हातात धरून तशीच उभी होते.

आज सकाळी जुन्या झाडूच्या काड्या सोडवून भिंतीखाली टाकल्यात. थोडा कापूसही ठेवलाय. अजून कुणी उचललेला नाही.