ठमाबाईच्या घरचा मेन स्विच

मुरारी सकपाळला महाडमध्ये लोक इंजिनिअर म्हणत आणि तोही त्यांना कधी दुरुस्त करत नसे. खरं तर गडी बारावी शिकलेला. मुंबईत एका कंपनीत अकरा वर्षं पडद्यापुढे बसून त्याने एकच काम केलं: देशभर पसरलेल्या हजारो मशिनींपैकी कुठलं बंद पडलं ते बघायचं आणि ज्याचं त्याला कळवायचं. कंपनीने माणसं कमी केली तेव्हा तो बायकोला घेऊन महाडला आला. नोकरी सुटली, पण ते सॉफ्टवेअर त्याच्याबरोबर आलं, कारण ते मुळात फुकटच होतं. कुणीही घ्यावं, उघडून बघावं, हवं तसं बदलावं. मुरारीला याचं फार नवल वाटे. गावात साधा विळा उसना नेला तरी चौथ्या दिवशी माणूस दारात उभा राहतो, आणि इथे कुण्या अनोळखी लोकांनी एवढी हुशारी वाटून टाकली होती.

महाडला सुनील नावाच्या माणसाचा खेड्यापाड्यांत इंटरनेट पुरवायचा धंदा होता. मुरारी त्याच्याकडे लागला आणि ऑफिसातल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर त्याने ते सॉफ्टवेअर चढवलं. नाते गावापासून आंबेनळी घाटाच्या पायथ्यापर्यंत कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या छपराखाली मिळून इंटरनेट पुढे पाठवणाऱ्या दोनशे चाळीस पेट्या होत्या. सॉफ्टवेअर दर पाच मिनिटांनी प्रत्येक पेटीला हाक मारी. ओ आली की हिरवा ठिपका, नाही आली की लाल. त्यातले इंग्रजी शब्द काढून मुरारीने आपले घातले होते. ओ आली तर 'हाय', नाही तर 'नाय'. पेटी ज्याच्या घरी, त्याचंच नाव पेटीला.

त्या यादीत एक नाव होतं ठमाबाई. ती त्याची आई.

पोलादपूर तालुक्यात उमरठच्या वर, डोंगराच्या सोंडेवर त्यांची वाडी. बावीस घरं, त्यातली एकोणीस कुलपात, माणसं मुंबईला. ठमाबाईचं घर अगदी टोकाला, तिथून घळीपलीकडची वाडी समोर दिसते. म्हणून छपरावर सिग्नलचा खांब तिच्याच घरी लागला आणि पलीकडच्या चौदा घरांना इंटरनेट तिच्या पेटीतून जाऊ लागलं. म्हातारीने महाडला येऊन राहावं म्हणून मुरारीने जंग जंग पछाडलं होतं. ती बधली नाही. मग हा ठिपका तेवढा त्याच्या हाती राहिला. सकाळी ऑफिसात आल्यावर तो आधी तिची ओळ बघे, मग चहा घेई.

अडचण एकच होती. त्या वाडीत घराबाहेर पडताना मेन स्विच खाली ओढायची रीत होती. मुंबईला जाणारा कुलूप लावण्याआधी मेन ओढी, आणि हळूहळू रानात जाणाराही ओढू लागला. एका बंद घरात वायर जळून आढं खाली आलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. ठमाबाई तर पाण्याला निघाली तरी मेन ओढी, दिवे लागल्यावर जेवून आडवी होतानाही ओढी. तिने मेन ओढला की पेटी झोपे, आणि पलीकडची चौदा घरं आंधळी होत. मग कुशाबा नावाचा पलीकडचा शेतकरी घळ उतरून, चढून तिच्या दारात येई. त्याची मुलगी मुंबईत, नातवाचं तोंड रोज मोबाइलवर दिसलं नाही तर त्याला घास गिळेना. तो करवादत यायचा, मेन वर करायचा, मग चहा पिऊन तासभर बसायचा.

महिन्याच्या यादीत ठमाबाईची ओळ सगळ्यांत खाली. सुनील वाईट माणूस नव्हता, पण दिवाळी झाल्यावर त्याने स्पष्टच सांगितलं: हे असंच चाललं तर खांब काढून दुसऱ्या घरावर नेऊ. खांब गेला की ठिपका गेला, मग आई आहे की नाही हे मुरारीला रविवारच्या फोनशिवाय कळणार कसं?

रविवारी त्याने फोनवर आईला चांगलंच फैलावर घेतलं. इतकी वर्षं मनात साठलेलं सगळं त्या मेनवर काढलं.

"बरा," ती शेवटी म्हणाली, "आता नाय ओढनार. तुज्या कामाला डाग नको माज्यापायी."

सोमवारी महिन्याची एक तारीख, दिवसभर ठिपका हिरवा. मंगळवारी, बुधवारी हिरवा. गुरुवारी, शुक्रवारी हिरवा. दिवे लागायच्या वेळीही हिरवा. मुरारी हरखून गेला. म्हातारी या वयात सुधारली, असं त्याने शुक्रवारी बायकोला कौतुकाने सांगितलं. फोन करून शाबासकी द्यावी असंही मनात आलं, पण रविवार जवळच होता.

शनिवारी सकाळी कुशाबाचा फोन आला. तो वालाच्या शेंगा द्यायला म्हणून सहज आला होता. ठमाबाई परसात दगडी पायरीखाली पडली होती. खुबा मोडला होता. बाजूला लाकडांची मोळी सुटून पडली होती. दोन घरं सोडून राहणाऱ्या रखमाला कमी ऐकू येई आणि तिसऱ्या घरातली माणसं लग्नाला गेली होती.

पोलादपूरच्या डॉक्टरांनी मुरारीला बाजूला घेतलं. पडल्या त्या गुरुवारी, असं ते म्हणाले, आणि गेल्या बहुधा शुक्रवारी संध्याकाळी. सांगायला नको होतं त्यांनी, पण मुरारीनेच विचारलं होतं.

तो घरात शिरला तेव्हा माळ्यावरची पेटी लुकलुकत होती. मेन वर होता. म्हणजे गुरुवारी सकाळी लाकडांना निघताना तिने मेन ओढला नव्हता. दिला शब्द पाळला होता.

कुशाबा अंगणात बसून ढसढसा रडत होता.

"नेट बंद असता तर मी गुरवारीच आलो असतो रे," तो म्हणाला. "दुपारलाच आलो असतो. दोन दिस मस्त चालू व्हता. यायला कारनच नाय मिलाला."

तिच्याकडे माणूस येण्याचा तेवढा एक रस्ता होता, तो मुरारीने रविवारी फोनवर आपल्या तोंडाने बंद केला होता.

तेरावा झाल्यावर घराला कुलूप लावायची वेळ आली. वाडीचा रिवाज म्हणून त्याचा हात मेनवर गेला आणि तिथेच थांबला. पलीकडची चौदा घरं होती. त्याने मेन तसाच ठेवला आणि दार ओढून घेतलं. त्या वाडीत असं कुलूप लागलेलं ते पहिलंच घर.

ऑफिसात येऊन त्याने ठमाबाईच्या ओळीची जुनी नोंद उघडली. साडेपाचला हाय. सातला नाय, म्हणजे पाण्याला गेली. पावणेआठला हाय. दहाला नाय. एकला हाय, कुशाबा येऊन गेला असेल. आठला नाय, निजली. पानामागून पानं हेच. तीन वर्षं तो याला बिघाड म्हणत आला होता. ती कधी उठली, कधी गेली, कधी परतली हे सगळं त्यात होतं. त्या शेवटच्या सोमवारपासून पुढे नुसती सरळ हिरवी रेघ होती आणि तिच्यात आईचा मागमूस नव्हता. ती कुठे जिवंत होती आणि कुठे संपली हे त्या रेघेवर बोट ठेवून दाखवता येत नव्हतं. मुरारीने दोन-तीनदा बोट ठेवून पाहिलं.

महिन्याच्या शेवटी सॉफ्टवेअरने आपणहून यादी काढली. एकदाही बंद न पडलेली पेटी सगळ्यांत वर. सुनीलने कागद हातात घेतला, वरचं नाव वाचलं आणि तो खाली ठेवला. त्यानेच थोड्या वेळाने सुचवलं की पेटीला दुसरं काहीतरी नाव देऊ.

मुरारी तसं करायला बसला. जुनं नाव पुसलं, नवं सुचेना. पाच मिनिटं झाली आणि बिननावाच्या ओळीपुढे पुन्हा उमटलं: हाय. त्याने घाईघाईने आईचं नाव परत लिहिलं आणि पडद्याकडे पाठ करून बसला.