तीन बसपलीकडची बहीण

मावशी माझ्या दुकानात काज-बटणाच्या कामाला आल्या, तेव्हा त्यांच्या डोक्यात एक पांढरा केस नव्हता. बावीस वर्षं त्या दाराजवळच्या स्टुलावर बसल्या. कापड मी बेतायचो, कारागीर शिवायचे आणि शेवटी प्रत्येक कपडा त्यांच्या मांडीवर जायचा. मशीनची काजं आली तरी त्यांना सोडायचा विचार माझ्या मनात आला नाही. कोटाचं काज त्यांच्यासारखं कुणाला जमत नव्हतं.

शाळेची पायरी त्या चढल्या नव्हत्या. आकडे मात्र ओळखायच्या. माझ्या टेपवरच शिकल्या होत्या, म्हणजे दीडशेपर्यंत. "त्यापुढचा माणूस आपल्याकडे शिवायला येतोय कशाला, मास्तर," असं म्हणून हसायच्या.

हे काम त्यांना थोरल्या बहिणीनं शिकवलं. लग्नानंतरही दोघी एकाच गल्लीत, समोरासमोर राहायच्या. पुढे रस्ता रुंद करायला गल्ली पाडली आणि बदली घरं मिळाली ती शहराच्या दोन टोकांना. तेव्हापासून भेटी नावापुरत्याच उरल्या. पण रोज सकाळी फोन व्हायचाच. काय शिजवलं, कोण रुसलं, कुणाचे गुडघे जास्त दुखतात, सगळं बोलून झालं की मगच मावशी घराबाहेर पडायच्या.

मग ताईंना झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. मावशींनी फोन केला की ताईंची सून तो त्यांच्या कानाला लावायची. पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा. "मास्तर, एकटीनं किती बोलायचं?" एवढंच त्या मला म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवायला लागल्या. त्या दिवशी तो दोरा लवकर ओवला गेला नाही.

मुलगा म्हणाला, "आई, रविवारी नेतो." तो गोदामात पाळीवर काम करायचा. तीन रविवार गेले. पोरगा वाईट नव्हता, दमलेला होता. चौथ्या रविवारी मावशींनी विचारलंच नाही. सोमवारी मला म्हणाल्या, "मला बस समजावून सांगा. मी माझी जाते."

मी कापायच्या टेबलावर खडूनं काढून दाखवलं. चौदा नंबरनं मोठ्या चौकापर्यंत. तिथून दोनशे बारा, पाण्याच्या टाकीपर्यंत; दीडशेपुढचा तो आकडा मोठा लिहून ओळखायला शिकवला. टाकीपासून सात नंबर, शेवटचा थांबा. खडूची एकच रेघ होती, दोन ठिकाणी वळलेली. मला वाटलं, यात काय अवघड आहे?

दुकान मंगळवारी बंद असतं. त्या मंगळवारी मावशी निघाल्या. मोठ्या चौकात सात थांबे आहेत आणि एकेरी वाहतुकीमुळे जायचा थांबा एका रस्त्यावर, यायचा भलत्याच गल्लीत. त्या दोनशे बारामध्ये बसल्या खऱ्या, पण उलट बाजूच्या. डेपोत सगळे उतरले तेव्हा कंडक्टर म्हणाला, "बाई, नंबर बरोबर आहे तुमचा. दिशा उलटी आहे." परत चौकात येऊन पुन्हा दोनशे बारा पकडली. ती निघाली लाल पाटीची. लाल पाटीवाली टाकीला थांबतच नाही, हे मलाही ठाऊक नव्हतं. पुलापलीकडे उतरवलं, तिथून विचारत विचारत अंधार पडता पडता घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, आता नाद सोडतील. पण दुपारी एक ते चार दुकान बंद असतं त्या वेळात त्या रोज बाहेर पडायला लागल्या. पहिल्या दिवशी फक्त चौकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. दुसऱ्या दिवशी चौकात उभं राहून नुसत्या बस बघितल्या, कुठली कुठून येते, कुठे वळते. शुक्रवारचं कळलं नाही, पण शनिवारी टाकीपर्यंत जाऊन आल्या. "चष्म्याच्या दुकानासमोर उभं राहायचं, आणि पाटी काळी हवी," त्यांनी मलाच शिकवलं. पुढच्या मंगळवारी ताईंच्या दारात उभ्या राहिल्या.

काय झालं ते त्यांनी फारसं सांगितलं नाही. ताई रडल्या, मग यांनी त्यांची वेणी घातली, एवढंच. त्यानंतर मंगळवार ठरून गेला. जाताना माझ्याकडचं काम पिशवीत घेऊन जायच्या. ताई डाव्या हातानं कापड धरायच्या, या काज करायच्या. टाका चुकला की ताई बोटानं दाखवायच्या. "अजून माझी चूक काढते," मावशी सांगायच्या, तेव्हा चेहरा उजळलेला असायचा. असे चार-साडेचार महिने गेले.

पुढचं सांगताना माझी जीभ जड होते.

मी नमुने वर्तमानपत्राच्या कागदावर कापतो. एकदा कॉलरचा नमुना कापताना बातमी दिसली की पहिल्या तारखेपासून बसचे नंबर बदलणार, काही मार्ग बंद होणार. मावशींना सांगायला हवं, असं मनात आलं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, माप घ्यायचं होतं. ते डोक्यातून गेलं ते गेलंच.

पहिली तारीख मंगळवारी आली. चौकात दोनशे बारा आलीच नाही. चष्म्याच्या दुकानासमोर दुसऱ्याच बस थांबत होत्या. मावशींनी दहा जणांना विचारलं, पण त्या दिवशी चौकात उभा असलेला जो तो दुसऱ्यालाच विचारत होता. एकानं बसवलं, ती बस भलतीकडे गेली. सकाळी दहापासून चारपर्यंत फिरून त्या घरी परतल्या आणि ताईंच्या सुनेला फोन लावला.

"दाराकडेच बघत होत्या दिवसभर," सून म्हणाली. "जेवल्या नाहीत. मी म्हटलं, येतील हो, बस चुकली असेल."

"तिला सांग, मी येतेय," मावशी म्हणाल्या. "रस्ता बदललाय. शिकून येते."

बुधवारी दुपारी त्या चौकात गेल्या. गुरुवारी नव्या बसनं टाकीपर्यंत पोचल्या आणि चारला दुकान उघडतं म्हणून तिथूनच परतल्या. शुक्रवारी पहाटे ताई गेल्या.

मुलगा त्यांना रिक्षानं घेऊन गेला. बाहेरच्या नव्या रस्त्यानं चाळीस मिनिटं लागली. उतरल्यावर मावशी रिक्षाजवळच थांबल्या, मागे वळून रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "एवढंच होतं?" हे मुलानंच मला नंतर सांगितलं.

आठ दिवसांनी त्या कामावर आल्या. मला राहवलं नाही. बातमीचं सांगून टाकलं. म्हटलं, "मावशी, मी तुम्हाला आदल्या आठवड्यातच सांगू शकलो असतो. माझ्याकडून राहिलं."

त्यांनी हातातलं काज पुरं करून दोरा तोडला. मग म्हणाल्या, "आठ दिवस आधी कळलं असतं तर मी शिकले असते." आणि थोड्या वेळानं, "तुम्ही मुद्दाम नाही केलं, मास्तर. पण शिकले असते."

त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

महिनाभरानं मुलगा त्यांना न्यायला दुकानात आला. डेपोच्या खिडकीवरून नव्या मार्गांचं छापील पत्रक आणलं होतं. आईशेजारी जमिनीवर बसून त्यानं ते वाचून दाखवलं. कुठला नंबर कुठून सुटतो, पहिली बस किती वाजता, शेवटची कधी. अगदी हळू, समजेल असं. मावशींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बरं," म्हणाल्या आणि चष्मा काढून पिशवीत ठेवला.

पुढे चार वर्षं त्या माझ्याकडे होत्या. मंगळवारी घरीच असायच्या.