नकाशात नसलेलं घर

यमुनाबाई पाटबंधारे खात्यात ट्रेसर होत्या. साहेबांनी पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर ट्रेसिंगचं कापड अंथरायचं आणि शाईनं रेघ न् रेघ उतरवायची, हे त्यांचं काम. जायकवाडीचं धरण बांधलं जात होतं तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या. एके दिवशी त्यांच्या टेबलावर गोदाकाठच्या सावळगव्हाणचा नकाशा आला. ते त्यांचं स्वतःचं गाव. पाणी कुठवर चढणार, ती निळी रेघ त्यांनीच ओढली. रेघेच्या आत देऊळ आलं, आड आला, वडिलांचं घर आलं. शाई वाळेस्तोवर त्या बघत बसल्या आणि मग पुढचा नकाशा ओढून घेतला.

एक गोष्ट मात्र त्यांनी काढली नव्हती. गावठाणाबाहेर, नदीच्या उताराला, मेंढपाळांची पाच-सहा घरं होती. त्यातलं मेंढरांच्या दगडी वाड्याला लागून होतं ते सुगंधाचं. दोघी एकाच वयाच्या. शाळा सुटली की यमू तिथंच पडीक असायची. नव्या कोकरांना सुगंधा यमूच्या आत्यांची नावं ठेवायची आणि दोघी हसून लोळायच्या. "इथंही घरं आहेत, दाखवू का?" असं यमुनाबाईंनी साहेबांना विचारलं होतं. "मोजणीत आहे तेवढंच," साहेब म्हणाले. त्यांनी तेवढंच काढलं.

गाव उठलं. कुणी पैठणकडं गेलं, कुणी गंगापूरकडं. सुगंधाची माणसं मेंढरं हाकत निघाली, ती कुठं गेली ते कुणालाच कळलं नाही.

याला बेचाळीस वर्षं झाली. २०१६च्या उन्हाळ्यात औरंगाबादेत उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या इमारतीची बोअर फेब्रुवारीतच आटली. शहर तिकडं बीड बायपासच्याही पलीकडं पसरत होतं आणि इकडं जुन्या वस्तीत टँकरची वाट बघत बायका जिन्यात बसत होत्या. अशात एका सकाळी पेपरात फोटो दिसला. धरणाच्या पोटात भेगाळलेला गाळ, त्यात देवळाचं जोतं. खाली लिहिलं होतं, ‘सावळगव्हाण पाण्याबाहेर.’ आदिनाथ नावाच्या सर्व्हेअरनं तिथले अवशेष मोजलेत, अशीही एक ओळ होती.

पेपरच्या कचेरीतून नंबर मिळवून यमुनाबाईंनी त्याला फोन लावला.

"गाळ काढायच्या कामावर होतो, मावशी," तो म्हणाला. "पण हे मोजलं ते माझ्या हौसेनं, रविवारचं जाऊन. माझं आजोळ तिथलंच. फाईल धाडतो, बघा तुमचं घर ओळखू येतं का."

कुणाचं आजोळ, कुठलं घर, हे विचारायचं घाईत राहून गेलं. फाईल आली, पण उघडेना.

यमुनाबाईंचा कॉम्प्युटर जुना. मुलगा चिन्मय बंगळूरला जाताना त्यावर लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली घालून गेला होता. निवृत्तीनंतर त्या त्यावरच नकाशे काढायला शिकल्या होत्या. स्वतःच्या जुन्या ट्रेसिंगची प्रत त्यांनी स्कॅन करून ठेवली होती. लिनक्सचं स्वतःचं एक भांडार असतं. तपासून, एकमेकांशी जुळवून ठेवलेली सॉफ्टवेअरं तिथून घ्यायची. त्या भांडारातलं नकाशांचं सॉफ्टवेअर दोन वर्षं मागचं होतं. आदिनाथची फाईल नव्या आवृत्तीतली. जुनं सॉफ्टवेअर ती वाचू शकत नव्हतं.

"आई, भांडारात आहे तेच वापर," चिन्मय फोनवर म्हणाला. "बाहेरून आणून घालशील तर आहे तेही बंद पडेल. मी दिवाळीत आलो की बघतो."

"दिवाळीपर्यंत धरण भरेल रे."

"मग भरू दे की. चांगलंच आहे."

यमुनाबाईंनी फोन ठेवला.

मूळ नकाशाला हात लावण्याआधी प्रत काढायची, ही खात्यातली सवय. त्यांनी सगळं काम पेन ड्राइव्हवर उतरवलं. मग वही घेऊन बसल्या. ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचं स्वतःचं भांडार होतं, तिथं नवी आवृत्ती मिळत होती. त्याचा पत्ता लिनक्सच्या यादीत घालायचा. आलेला माल त्यांचाच आहे हे ओळखायला त्यांची किल्ली उतरवून घ्यायची. मग जुनं काढून नवं मागायचं. प्रत्येक पायरी वहीत लिहून त्यांनी समोर टिक केली. जुनं सॉफ्टवेअर निघालं. नवं उतरायला लागलं, तेवढ्यात खाली टँकरचा हॉर्न वाजला. त्या घागरी घेऊन धावल्या. परत आल्या तर पडद्यावर इंग्रजीत सूचना: अमुक पॅकेज बसवता येत नाही, आणखी कशाकशाशी जुळत नाही. जुनं गेलं होतं आणि नवं आलं नव्हतं.

दोन दिवस त्या सैरभैर होत्या. फाईल समोर आणि दार बंद. रोज सकाळी गच्चीत जाऊन त्या आभाळ बघायच्या आणि ढग दिसला नाही की बरं वाटायचं.

तिसऱ्या दिवशी ती सूचना त्यांनी अक्षर अक्षर लावून वाचली. अडत होती ती एकच लायब्ररी. नकाशाच्या फायली वाचणारा सॉफ्टवेअरचा तुकडा. ती लिनक्सच्या भांडारातली नव्हतीच. कधीकाळी चिन्मयनंच दुसरं एक बाहेरचं भांडार जोडून ठेवलं होतं, ती तिथून आलेली. त्यांनी ते भांडार यादीतून काढलं, लायब्ररी मूळ आवृत्तीवर परत आणली आणि पुन्हा नवं मागितलं. या खेपेला काही अडलं नाही. दुपारी फाईल उघडली.

आदिनाथच्या मोजणीखाली त्यांनी आपलं ट्रेसिंग सरकवलं. देवळाच्या कोपऱ्यावर कोपरा ठेवला, आडावर आड. घरं एकेक करून जोत्यांवर बसली. वडिलांचं घर सापडलं. त्यांनी डोळे पुसले आणि नकाशा नदीकडं सरकवला. तिथं ट्रेसिंग कोरं होतं. पण आदिनाथनं तिथंही मोजलं होतं. दगडांचं एक मोठं वर्तुळ आणि शेजारी लहानसा चौकोन. नोंद होती, ‘काय असावं, माहीत नाही.’

त्यांनी लगेच फोन लावला. "अरे, तो मेंढरांचा वाडा आहे! आणि चौकोन म्हणजे सुगंधाचं घर."

पलीकडून आदिनाथ म्हणाला, "मावशी, सुगंधाबाई माझी आई. लई विचारलं तिला, घर कुठं होतं म्हणून. नकाशात नाय आपलं घर, एवढंच म्हणती. थांबा, देतो."

"यमू व्हय गं?" फोनवर आवाज आला. "म्हातारा झाला की आवाज तुझा."

"सुगंधे, तुझाही झालाय. कुठं असतेस?"

"फुलंब्रीला. तीस वर्सं झाली."

फुलंब्रीवरून यमुनाबाई कितीदा एसटीनं गेल्या होत्या. "चल, जाऊ दोघी," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "पाणी यायच्या आत."

"मी नाय यायची. गाव वर आलं म्हंजी पाणी गेलं की गं. हितं म्हशी छावणीला बांधल्यात, मेंढरं पार खान्देशात धाडलीत. मी रोज देवाला म्हणते, भर ते धरण. अन् तू म्हणतीस, बघाया चल."

गच्चीवरच्या सकाळी आठवून यमुनाबाईंना लाज वाटली. पण ओढ काही कमी झाली नाही.

मेअखेरीस आदिनाथनं त्यांना जीपमधून नेलं. वडिलांच्या घराच्या जोत्यावर त्या थोडा वेळ थांबल्या. मग त्याचा हात धरून उताराला गेल्या आणि तिथून त्यांनी सुगंधाला फोन केला.

"चुलीचे दगड हायेत का?" तिनं विचारलं.

"तीन आहेत. एक कलंडलाय."

"त्यो पयल्यापास्नं तसाच. बस तिथं जरा."

त्या गाळात बसल्या. "बसले गं." नंतर दोघीही बोलल्या नाहीत. फोन मात्र चालू राहिला.

ऑगस्टात वरच्या धरणांतून पाणी आलं आणि सावळगव्हाण पुन्हा बुडालं. दिवाळी झाल्यावर यमुनाबाई नकाशाची मोठी प्रत गुंडाळून फुलंब्रीला गेल्या. एकमेकींना बघून दोघी आधी नुसत्याच हसल्या. आदिनाथनं नकाशा ओसरीवर पसरला. सुगंधाबाईंना वाचता येत नव्हतं.

"ह्यात मी कुठंय?"

यमुनाबाईंनी तिचं बोट धरून चौकोनावर टेकवलं. तिथं आता नाव लिहिलं होतं. सुगंधाबाईंनी बराच वेळ बोट उचललं नाही. मग ते हळूहळू कोऱ्या जागेवरून नदीकडं सरकवलं.

"अन् आपली पाण्याची वाट? ती नाय काढली?"

"ती कशी जायची, तेच मला आठवेना गं."

"बाभळीच्या अंगानं."

"नाही, आंब्याच्या अंगानं."

"आंबा कुठला आलाय तिथं!" सुगंधाबाई पुढं सरकून बसल्या. "आण पेन्सिल. मी सांगते तशी काढ."

यमुनाबाईंनी पिशवीतून पेन्सिल काढली.