लोणारची लाईन मेहकरवरून येत नाही

"काऊन हो सर, सर्व्हर बसवला म्हणे तुमी? इथं तर व्हिडिओ गोल गोलच फिरून राह्यला!"

लोणारहून शीलाताईंचा फोन. त्या अभ्यासिका चालवतात. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं तिथे बसून व्हिडिओवर धडे पाहतात. आमच्या इंटरनेट कंपनीचा इंजिनिअर म्हणून मीच शब्द दिला होता, सोमवारपासून व्हिडिओ अडकणार नाही. त्या भरवशावर ताईंनी पोरं थांबवून धरली होती. आता ती जालन्याला निघून गेली, तर अभ्यासिकेला कुलूपच.

कॅश सर्व्हर म्हणजे काय, तर लोक जे पुन्हा पुन्हा पाहतात त्याची कॉपी जवळ ठेवायची. दर वेळी मुंबईहून आणायची नाही. आमच्याकडे सर्व्हर एकच. तो मी मेहकरला बसवला. ग्राहक तिथे जास्त, आणि लोणार तिथून जवळ. मी डोणगावचा. आमच्यासाठी लोणार म्हणजे मेहकरला एसटी बदलून जायचं गाव.

फोन ठेवला आणि लोणारला निघालो, पण जिवाला चैन पडेना. एसटीत दोनदा सीट बदलली. मेहकरच्या स्टँडवर चहा अर्धा टाकला.

लोणारला लॅपटॉप जोडून ट्रेस मारला. डेटा कुठून कुठून जातो, ते त्यात दिसतं. जालना, संभाजीनगर, मुंबई, आणि तिथून उलटा फिरून मेहकर! कपाळावर हात मारला. लोणारची लाईन जालन्याकडून येते, हे मला पाठ होतं. तरी जागा ठरवताना मी एसटीचाच रस्ता धरला. गाढवपणा, दुसरं काय!

पुण्यातल्या साहेबांना फोन लावला.

"सर, सर्व्हर लोणारला हलवावा लागेल."

"आणि मेहकरचे लोक बोंबलले तर?"

"तिथली लाईन मोठी आहे, मुंबईहून आणलं तरी पुरतं. लोणारची बारीक, संध्याकाळी तुंबते."

"हे आधी नाही सुचलं?"

"चुकलं, सर."

"हलव. मेहकरची तक्रार आली तर उत्तर तू द्यायचं."

सर्व्हर हलवला, त्यात धडे भरू दिले. दुसऱ्या संध्याकाळी, ऐन गर्दीच्या वेळी, ताईंनी व्हिडिओ लावला. पटकन सुरू झाला. मी बॅग उचलली.

"झालं, ताई. येतो."

"बसा. मांगच्या खेपेलेही तुमी फोनवर झालंच म्हणले होते. पुरा पाहून जा."

पोरांनी सरकून जागा दिली. शेकडेवारीचा अख्खा धडा पाहिला. पाय सारखा हलत होता, मधूनच नजर मोबाईलवर जायची. मेहकरहून फोन आला नाही. व्हिडिओ एकदाही अडकला नाही.

"हाव, आता म्हना झालं," ताई म्हणाल्या.

तेव्हापासून मी ग्राहकाच्या खुर्चीत बसून पूर्ण व्हिडिओ पाहिल्याशिवाय 'झालं' म्हणत नाही. शेकडेवारी तर आता माझी पक्की आहे.